चार्ल्स पहिला अकरा वर्षे पार्लमेंटवाचून राज्य करू शकला, मग त्याचे घोडे नेमके कोठे अडले?

वाचनवेडा (मूळ प्रश्न):

नमस्कार. सतराव्या शतकातील इंग्लंडमध्ये स्टुअर्ट राजे आणि पार्लमेंट यांच्यात जो दीर्घ झगडा चालला, त्याविषयी गेले काही दिवस वाचन करीत आहे. शालेय पुस्तकांतून आपण शिकतो ते थोडक्यात असे, की राजे आपली सत्ता ईश्वरदत्त मानत होते, पार्लमेंट प्रजेच्या हक्कांसाठी उभी राहिली, यादवी युद्ध झाले, १६४९ मध्ये राजाचा शिरच्छेद झाला आणि १६८८ च्या रक्तहीन क्रांतीने पार्लमेंटचे वर्चस्व प्रस्थापित झाले. ही मांडणी ढोबळमानाने बरोबर असेलही, परंतु तीत दोन गोष्टी मला उलगडत नाहीत.

पहिली अशी, की पार्लमेंट बोलावणे, तहकूब करणे आणि बरखास्त करणे हे तिन्ही अधिकार कायद्याने राजाकडेच होते. चार्ल्स पहिल्याने १६२९ ते १६४० अशी अकरा वर्षे ती बोलावलीच नाही आणि तरीही राज्य चालले. मग १६४० मध्ये तिला पुन्हा बोलावण्याची गरज त्याला का भासली? दुसरी अशी, की राजाला फासावर नव्हे तर थेट वधस्तंभावर चढवण्याइतकी पार्लमेंट प्रबळ झाली होती, तर अवघ्या अकरा वर्षांत त्याच राजाचा मुलगा वाजतगाजत गादीवर कसा बसला, आणि खरा निकाल १६८९ मध्ये लागला असे अभ्यासक का मानतात? जाणकारांनी कृपया प्रकाश टाकावा.

जुनी पोथी:

आपल्या पहिल्या प्रश्नापुरते लिहितो. त्या काळी पार्लमेंट हा राजाच्या इच्छेने घडणारा एक प्रसंग होता. कायम भरणारी संस्था हे तिचे रूप बऱ्याच नंतरचे आहे. शांततेच्या काळात राजाने स्वतःच्या उत्पन्नात भागवावे, म्हणजे राजघराण्याच्या जमिनी, सरंजामी देणी आणि जकात यांवर दरबार चालवावा, आणि युद्धासारखा जादा खर्च उद्भवला तरच पार्लमेंटकडून कर मागावा, असा जुना संकेत होता. अडचण अशी झाली, की सोळाव्या शतकभर भाव चढत राहिले, युद्धे महाग झाली आणि एलिझाबेथ व जेम्स या दोघांनी पैशाच्या निकडीपोटी राजघराण्याच्या जमिनी विकून टाकल्या. १६१० मध्ये जेम्स पहिल्याच्या कोषाध्यक्षाने असा तोडगा सुचवला होता, की राजाने जाचक सरंजामी देणी सोडून द्यावीत आणि त्या बदल्यात पार्लमेंटने दरवर्षी दोन लाख पाउंड द्यावेत. दोन्ही बाजूंचा एकमेकांवर विश्वास नव्हता, म्हणून ही बोलणी फिसकटली. ती यशस्वी झाली असती तर पुढचे बरेच काही टळले असते, असे मला वाटते, पण ते असो.

माझ्या मते या झगड्यातील कळीचा शब्द 'मुदत' हा आहे. जहाजांतून येणाऱ्या दारूवर पिंपामागे आणि इतर मालावर किमतीच्या दर पाउंडामागे जी जकात बसे, ती 'टनेज आणि पाउंडेज' या नावाने ओळखली जाई, आणि नव्या राजाच्या पहिल्याच पार्लमेंटने ती त्याला तहहयात बहाल करावी, अशी ट्यूडर काळापासूनची रीत होती. १६२५ मध्ये चार्ल्स गादीवर आला तेव्हा कॉमन्स सभेने ती केवळ एका वर्षासाठी मंजूर केली आणि लॉर्ड्स सभेत तेवढेही विधेयक पुढे सरकले नाही. चार्ल्सने मंजुरीवाचूनच जकात वसूल करणे चालू ठेवले. त्यानंतर त्याने सक्तीचे कर्ज घेतले, ते देण्यास नकार देणाऱ्यांना आरोप न सांगता तुरुंगात टाकले, आणि त्यातून १६२८ चा 'पिटिशन ऑफ राइट' हा अर्ज पुढे आला. पार्लमेंटच्या संमतीवाचून कर नको, कारण दाखवल्याशिवाय अटक नको, लोकांच्या घरांत सक्तीने सैनिक उतरवू नयेत आणि शांततेच्या काळात लष्करी कायदा लावू नये, या त्यातील मागण्या होत्या. राजाने अर्ज मान्य केला, पण जकात त्यात येत नाही असा अर्थ लावला.

त्याचा स्फोट २ मार्च १६२९ रोजी झाला. सभापती सर जॉन फिंच यांनी राजाच्या आज्ञेवरून कामकाज तहकूब करण्यासाठी आसन सोडण्याचा प्रयत्न केला, तेव्हा डेन्झिल होलिस आणि बेंजामिन व्हॅलेंटाइन या दोन सदस्यांनी त्यांना दोन्ही बाजूंनी धरून पुन्हा खुर्चीत बसवले. सभापती आसनावर असेपर्यंत सभा चालू आहे, असा त्यामागचा विचार होता. दाराला आतून कुलूप लावण्यात आले, बाहेर राजाचा दूत दार ठोठावत उभा राहिला, आणि आत फिंच रडत विनवण्या करीत होते. सर जॉन इलियट यांनी ठरावांचा कागद आधीच संतापाने आगीत टाकला होता, म्हणून होलिस यांनी तीन ठराव तोंडपाठ म्हणून दाखवले: धर्मात नवे पंथ घुसवणारा, पार्लमेंटच्या मंजुरीवाचून जकात घेण्याचा सल्ला देणारा आणि ती जकात राजीखुशीने भरणारा, असे तिघेही देशाचे वैरी किंवा स्वातंत्र्याचे द्रोही समजावेत. सभेने होकाराचा गजर केला आणि मगच दार उघडले. इलियट यांचा शेवट १६३२ मध्ये टॉवर ऑफ लंडनच्या कैदेत झाला. त्यांचे शव कॉर्नवॉलमधील घरी नेऊ देण्याची मुलाची विनंतीही राजाने फेटाळली.

यानंतरची अकरा वर्षे चार्ल्सने दात कोरून पोट भरण्याचा उद्योग केला. वर्षाला चाळीस पाउंड उत्पन्नाची जमीन असूनही राज्याभिषेकाच्या वेळी नाइट पदवी घेतली नाही म्हणून दंड, शेकडो वर्षांपूर्वीच्या राजवनांच्या सीमा उकरून काढून तेथील जमीनदारांवर दंड, अशा विस्मृतीत गेलेल्या हक्कांचा त्याने आधार घेतला. सर्वांत फलदायी ठरला तो 'शिप मनी'. समुद्रकिनाऱ्यावरील बंदरांनी संकटकाळी जहाजे किंवा त्यांचा खर्च पुरवावा, ही जुनी प्रथा होती. १६३४ मध्ये राजाने ती वसुली किनाऱ्यावर सुरू केली आणि १६३५ मध्ये समुद्र न पाहिलेल्या परगण्यांवरही बसवली. त्यातून वर्षाला सुमारे दोन लाख पाउंड येत होते, आणि सुरुवातीची काही वर्षे लोक कुरकुरत का होईना, ते भरतही होते.

बकिंगहॅमशायरचे जमीनदार जॉन हॅम्पडन यांनी आपल्यावर आकारलेले वीस शिलिंग भरण्यास नकार दिला. रक्कम त्यांच्यासारख्या धनवंताला किरकोळ होती. प्रश्न एवढाच होता, की संकट आले आहे हे ठरवायचे कोणी, आणि ते राजाने एकट्याने ठरवायचे असेल तर दरवर्षी संकट जाहीर करून कर घेण्यास त्याला कोण अडवणार? १६३८ मध्ये बारा न्यायाधीशांपैकी सातांनी राजाच्या बाजूने आणि पाचांनी हॅम्पडन यांच्या बाजूने मत दिले. राजाच्या बाजूने सर्वांत कडक निवाडा देणारे न्यायाधीश म्हणजे तेच सर जॉन फिंच, ज्यांना नऊ वर्षांपूर्वी खुर्चीत दाबून धरले होते. राज्याच्या रक्षणाचा राजाचा अधिकार काढून घेणारा पार्लमेंटचा कायदाच निरर्थक ठरतो, इथवर ते गेले. खटला राजाने जिंकला, पण बारापैकी पाच न्यायाधीश विरोधात गेल्याचे देशभर समजले आणि वसुली ढासळू लागली.

आता आपल्या प्रश्नाचे थेट उत्तर. या साऱ्या उत्पन्नावर शांततेचे राज्य चालत होते, युद्ध चालणे शक्य नव्हते. चार्ल्सने १६३७ मध्ये स्कॉटलंडवर नवी प्रार्थनापोथी लादली, तेथे बंड उसळले आणि ते मोडण्यासाठी सैन्य उभारणे भाग पडले. एप्रिल १६४० मध्ये बोलावलेली पार्लमेंट आधी गाऱ्हाणी ऐका, मग पैसे मागा, असे म्हणू लागताच त्याने तिला तीन आठवड्यांत घरी पाठवले. ऑगस्टमध्ये स्कॉट सैन्य इंग्लंडमध्ये शिरले, न्यूकॅसल त्यांच्या हाती पडले आणि तह होईपर्यंत त्यांना दिवसाला ८५० पाउंड देण्याचे कबूल करावे लागले. नाक दाबले की तोंड उघडते, तसे ३ नोव्हेंबर १६४० रोजी 'लाँग पार्लमेंट' भरली. या वेळी तिला बरखास्त करणे शक्य नव्हते, कारण तसे केले असते तर स्कॉटांचे पैसे थांबले असते आणि त्यांचे सैन्य लंडनच्या रोखाने निघाले असते. त्याच पार्लमेंटने १६४१ मध्ये टनेज आणि पाउंडेज मंजूर केले, तेही जेमतेम दोन महिन्यांच्या मुदतीने.

बखरवाचक:

'जुनी पोथी' यांचा प्रतिसाद अभ्यासपूर्ण आहे, परंतु सारा झगडा हिशेबाच्या वहीत बसवल्याने एक मोठी गोष्ट निसटते, असे मला नम्रपणे म्हणावेसे वाटते. त्या तीन ठरावांतील पहिला धर्माविषयीचा होता, जकातीचे ठराव त्यानंतरचे. चार्ल्सची राणी हेन्रिएटा मारिया ही फ्रान्सची राजकन्या आणि कॅथलिक होती, आर्चबिशप विल्यम लॉड चर्चमधील वेदी पूर्वेच्या भिंतीशी नेऊन तिला कठडा घालत होते, आणि बाहेरून पाहणाऱ्या प्युरिटन, म्हणजे कडव्या प्रोटेस्टंट, मनाला ही रोमकडे परत नेणारी वाट वाटत होती. ही भीती कितपत साधार होती हा प्रश्न वेगळा, पण ती खरी होती. एडिनबरोच्या सेंट जाइल्स चर्चमध्ये प्रार्थनापोथीवरून दंगल झाली, तिच्या मुळाशी कोणताही कर नव्हता.

दुसरे असे, की पैशाचा प्रश्न १६४१ च्या उन्हाळ्यापर्यंत जवळजवळ सुटला होता. शिप मनी बेकायदा ठरले, राजाच्या सल्लागारांचे स्टार चेंबर न्यायालय रद्द झाले, तीन वर्षांतून एकदा तरी पार्लमेंट भरलीच पाहिजे असा कायदा झाला, आणि १० मे १६४१ रोजी राजाने एकाच दिवशी दोन विधेयकांना संमती दिली. एकाने त्याचा विश्वासू मंत्री स्ट्रॅफर्ड याला मृत्युदंड झाला, दुसऱ्याने पार्लमेंटच्या स्वतःच्या संमतीशिवाय तिला बरखास्त करण्याचा राजाचा अधिकार गेला. स्ट्रॅफर्डचे प्रकरण सोडले तर हे सारे फारशा विरोधावाचून पार पडले होते. युद्ध व्हायला तेव्हा दोन बाजूच नव्हत्या. दुसरी बाजू तयार झाली ती ऑक्टोबर १६४१ मध्ये आयर्लंडमध्ये कॅथलिकांचा उठाव झाल्यावर. तो मोडण्यासाठी सैन्य हवे, यावर कोणाचे दुमत नव्हते. परंतु ते सैन्य राजाच्या हाती दिले तर तो ते आधी कोणावर चालवील, या शंकेने सभा दुभंगली. राजाच्या चुकांचा लांबलचक पाढा वाचणारे 'ग्रँड रिमॉन्स्ट्रन्स' नोव्हेंबरमध्ये १५९ विरुद्ध १४८ मतांनी कसेबसे मंजूर झाले. म्हणजे राजा एकीकडे आणि पार्लमेंट दुसरीकडे, असे हे चित्र नव्हते. खुद्द पार्लमेंटच जवळजवळ मधोमध चिरली गेली होती.

आणि मग चार्ल्सने स्वतःच्या हाताने ती शंका खरी करून दाखवली. ४ जानेवारी १६४२ रोजी तो सशस्त्र शिपाई घेऊन कॉमन्स सभेत पाच सदस्यांना पकडण्यासाठी गेला. पिम, हॅम्पडन, होलिस, हॅझलरिग आणि स्ट्रोड यांना आगाऊ खबर मिळाली होती आणि ते टेम्स नदीतून नावेने निसटले होते. राजाने सभापतींची खुर्ची मागून घेतली, बाकांवरून नजर फिरवली आणि ते पाच जण कोठे आहेत असे विचारले. सभापती विल्यम लेंथॉल यांनी गुडघे टेकून उत्तर दिले, की या जागी सभागृह सांगेल त्याखेरीज पाहण्यास मला डोळे नाहीत आणि बोलण्यास जीभ नाही. पाखरे उडून गेली, असे म्हणत राजाला रिकाम्या हातांनी परतावे लागले. तेरा वर्षांपूर्वी याच खुर्चीत बसलेला सभापती राजाची आज्ञा पाळण्यासाठी धडपडत होता, हे ध्यानात घेतले म्हणजे दरम्यान काय बदलले ते कळते. सहा दिवसांनी चार्ल्सने लंडन सोडले आणि तेथे तो परत आला तो कैदी म्हणूनच.

वाचनवेडा:

दोघांचेही मनःपूर्वक आभार. 'फासावर नव्हे तर वधस्तंभावर' हे माझे वाक्य जरा नाटकी झाले, त्याबद्दल क्षमस्व. परंतु माझा दुसरा प्रश्न अजून शिल्लक आहे. पैसा म्हणा किंवा धर्म म्हणा, पार्लमेंटने युद्ध जिंकले, मग तिला सत्ता टिकवता का आली नाही?

अनुस्वार:

कारण युद्ध पार्लमेंटने जिंकले नाही, तिच्या सैन्याने जिंकले, आणि या दोन गोष्टी एक नव्हेत हे विजयानंतर तिच्या लक्षात आले. सैन्य पोसण्यासाठी पार्लमेंटने १६४३ मध्ये बिअरसारख्या रोजच्या वस्तूंवर एक्साइज हा कर बसवला आणि परगण्यांवर मासिक पट्टी लावली. लोकांना हा बोजा शिप मनीपेक्षा कितीतरी जड गेला. संमतीवाचून कर नको, असे म्हणत लढाईस उतरलेल्यांनी एवढा कर घ्यावा, हे पाहून सामान्य शेतकऱ्याला आगीतून फुफाट्यात पडल्यासारखे वाटले असल्यास नवल नाही. ६ डिसेंबर १६४८ रोजी कर्नल प्राइड याने सभागृहाच्या दारात उभे राहून राजाशी तडजोड करू पाहणाऱ्या सदस्यांना आत जाऊ दिले नाही, काहींना अटक केली, आणि राजावर खटला चालवण्याचा निर्णय घेतला तो उरलेल्या मूठभरांनी. मृत्युदंडाच्या आज्ञेवर ५९ सह्या आहेत. तेव्हा १६४९ मध्ये पार्लमेंट प्रबळ होती, हे आपले गृहीतकच तपासून पाहावे लागेल. २० एप्रिल १६५३ रोजी सेनापती क्रॉमवेलने बंदूकधारी शिपाई आत बोलावून त्या उरल्यासुरल्या सभेलाही हाकलले. 'बखरवाचक' यांनी खुर्चीचा धागा हाती दिलाच आहे, म्हणून सांगतो: त्या दिवशी खुर्चीवर पुन्हा लेंथॉलच होते आणि मेजर जनरल हॅरिसन याने त्यांचा हात धरून त्यांना खाली उतरवले. राजा जे सैनिक दाराबाहेर ठेवून आत आला होता, ते या वेळी सभागृहात शिरले.

१६६० मध्ये चार्ल्स दुसरा परत आला, परंतु तो वडिलांच्या इंग्लंडमध्ये परतला नाही. १६४१ मध्ये वडिलांनीच संमती दिलेले बहुतेक कायदे कायम राहिले, म्हणून स्टार चेंबर किंवा शिप मनी पुन्हा आले नाही. पार्लमेंटने त्याच्या वार्षिक खर्चासाठी बारा लाख पाउंडांचा अंदाज धरून जकात तहहयात दिली, एक्साइजचा वाटा दिला, आणि ते अपुरे पडते असे दिसल्यावर १६६२ मध्ये प्रत्येक चुलीमागे दोन शिलिंगांचा करही दिला. येथे 'जुनी पोथी' यांचा मुदतीचा मुद्दा पुन्हा उपयोगी पडतो. सुरुवातीला हे उत्पन्न अंदाजापेक्षा कमी भरले, पण पुढे व्यापार वाढला तशी जकात आपोआप वाढली. त्यातच फ्रान्सचा राजा चौदावा लुई गुपचूप पैसे देत होता. त्यामुळे मार्च १६८१ मध्ये ऑक्सफर्ड येथे भरलेली पार्लमेंट त्याने एका आठवड्यात मोडली आणि १६८५ मध्ये मरेपर्यंत पुन्हा बोलावली नाही. वडिलांनी जे अकरा वर्षे धडपडून कसेबसे साधले, ते मुलाला चार वर्षे सहज साधले. युद्ध टाळण्याची अक्कल त्याला होती, एवढाच फरक.

त्याचा भाऊ जेम्स दुसरा याला तर १६८५ च्या पार्लमेंटने सारे उत्पन्न उदार मनाने तहहयात देऊन टाकले. काही महिन्यांतच सैन्यात कॅथलिक अधिकारी नेमण्यावरून तिचे त्याच्याशी बिनसले, तेव्हा नोव्हेंबरमध्ये त्याने ती तहकूब केली ती कायमचीच. जेम्सला पार्लमेंटने हरवले नाही, कारण ती भरतच नव्हती. जून १६८८ मध्ये राजाला मुलगा झाला आणि कॅथलिक वंश पुढे चालणार हे स्पष्ट झाले, तेव्हा सात मान्यवरांनी त्याचा जावई ऑरेंजचा विल्यम याला पत्र पाठवून बोलावले. तो ५ नोव्हेंबरला डेव्हनच्या किनाऱ्यावर उतरला, जेम्सचे अधिकारी एकेक करून त्याला जाऊन मिळाले आणि राजा राजमुद्रा टेम्समध्ये टाकून पळाला. इंग्लंडपुरते हे रक्तहीन म्हणता येईल. आयर्लंड आणि स्कॉटलंड येथे मात्र भरपूर रक्त सांडले, आणि पुस्तकांतील ते विशेषण मला त्यामुळे नेहमी खटकते.

१६८९ च्या 'बिल ऑफ राइट्स'ने राजाने परस्पर कायदे स्थगित करणे, संमतीवाचून कर घेणे आणि शांततेच्या काळात संमतीवाचून खडे सैन्य ठेवणे बेकायदा ठरवले. हे कलम महत्त्वाचेच, परंतु १६२८ च्या अर्जातही शब्दांची कमतरता नव्हती. या वेळी शब्दांच्या पाठीशी व्यवस्था होती. १६९० मध्ये नवे राजा-राणी विल्यम आणि त्याची पत्नी मेरी यांना जकात मिळाली ती फक्त चार वर्षांसाठी. सैन्यातील शिस्तभंगाला शिक्षा देण्याचा अधिकार देणारा म्यूटिनी ॲक्ट थोड्या थोड्या मुदतीने संमत होऊ लागला, म्हणजे पार्लमेंट भरली नाही तर बंडखोर शिपायाला शिक्षा देण्याचा कायदेशीर आधारच संपावा. त्यातच फ्रान्सशी नऊ वर्षे चाललेले युद्ध सुरू झाले आणि त्याचा खर्च असा वाढला, की राजालाच दरवर्षी पार्लमेंट हवीशी झाली. १६९४ मध्ये बँक ऑफ इंग्लंड स्थापन झाली ती सरकारला आठ टक्के व्याजाने बारा लाख पाउंड कर्ज देऊन. हा आकडा १६६० च्या वार्षिक अंदाजाएवढाच असावा हा निव्वळ योगायोग, पण बोलका आहे. सावकारांनी हे पैसे एकट्या राजाच्या शब्दावर दिले नसते, कारण १६७२ मध्ये चार्ल्स दुसऱ्याने खजिन्यातील देणी एका फटक्यात थांबवली होती. व्याज पार्लमेंटने मंजूर केलेल्या करांतून फेडले जाणार, हे ठाऊक असल्यानेच थैल्या सुटल्या. १६८९ पासून पार्लमेंट भरली नाही असे एकही वर्ष गेलेले नाही.

बखरवाचक:

'अनुस्वार' यांच्याशी बव्हंशी सहमत आहे. फक्त एवढेच जोडतो, की जेम्सने उत्पन्न मिळूनही राज्य गमावले ते पैशामुळे नव्हे. धार्मिक सवलतींचा त्याचा जाहीरनामा चर्चमधून वाचण्याच्या आज्ञेविरुद्ध सात बिशपांनी अर्ज केला, तेव्हा त्याने त्यांच्यावर खटला भरला, आणि ३० जून १६८८ रोजी ज्युरीने त्यांना निर्दोष सोडताच लंडनमध्ये जागोजागी होळ्या पेटल्या. विल्यमला बोलावणारे पत्रही त्याच दिवसाचे आहे. भरल्या तिजोरीचा राजा धर्मापायी गेला, हे माझ्या मूळ मुद्द्याला धरूनच आहे.

वाचनवेडा:

हे सारे वाचून बराच उलगडा झाला. जाता जाता एक शंका विचारतो. चार्ल्सच्या मृत्युदंडाच्या आज्ञापत्राचे छायाचित्र पाहिले, त्यावर साल १६४८ आहे. ही लेखनिकाची चूक समजावी काय?

जुनी पोथी:

चूक नव्हे. इंग्लंडमध्ये तेव्हा नवे वर्ष २५ मार्चला सुरू होत असे, त्यामुळे शिरच्छेद झाला तो ३० जानेवारीचा दिवस त्यांच्या लेखी १६४८ मध्येच पडतो. आपण आज १ जानेवारीपासून वर्ष मोजून त्याला १६४९ म्हणतो. बिल ऑफ राइट्सच्या पुढे काही ठिकाणी १६८८ छापलेले आढळते, त्याच्याही मुळाशी ही जुनी कालगणनाच आहे. शिवाय त्या काळी इंग्लंडचे पंचांग हॉलंडच्या मागे दहा दिवस चालत असे, म्हणून विल्यमचे आरमार डच कागदांत ११ नोव्हेंबरला निघते आणि इंग्रजी कागदांत ५ नोव्हेंबरला पोहोचते. दोन्ही कागद शेजारी ठेवून वाचताना गोंधळू नये.